विजेरी गाढवाचा जबडा

कांदेलारिया मातेच्या सणाला, भर सकाळी, फेर्मिनच्या बँडचा जबडा कुत्र्याने पळवला.

जबडा म्हणजे त्यांचं वाद्यच, गाढवाचा, वाळवलेला. मूठ मारली की त्यातले सैल दात खुळखुळायचे. फेर्मिन आणि त्याचे दोन दोस्त तंतुवाद्यांना वीज जोडून पणजोबांच्या काळची गाणी किंचाळत. बँडचं नाव 'विजेरी गाढव'. ऐकणाऱ्याला ते पटायचं. उत्सवाचे कारभारी डोन क्रिस्पीन यांनी यंदा कुठे होकार दिला होता, तोही बजावून, "वीज हवी तेवढी जाळा. पण परंपरेचा जबडा नसेल तर मंचावर पाऊल टाकायचं नाही!"

फेर्मिन खाटकाकडे धावला. बैलाचा ताजा जबडा मिळाला, पण दात गच्च. म्हणजे उकळणं आलं. घरात एवढं मोठं भांडं एकच, आजीचा तमाल उकडायचा टोप. आजी, डोन्या तोमासा, चर्चला गेलेली. टोप चुलीवर चढला. दात हलू लागताच फेर्मिनने जबडा छपरावर उन्हात टाकला आणि दोस्तांकडे पळाला. टोप विसळायचा असतो, हे पुरुषाच्या डोक्यात येत नाही.

तोमासा परतली. चुलीवर दाट, तुपकट रस्सा.

"अगंबाई! मेल्याने जन्मात पहिल्यांदा चुलीला हात लावला," म्हणत तिने त्यातच मक्याचं पीठ मळलं, डुकराचं मटण भरलं आणि केळीच्या पानांत तमाल बांधले.

फेर्मिन आला तेव्हा ते शिजून टोपलीत बसले होते.

"आज्जी, टोपातलं पाणी कुठंय?"

"पाणी काय म्हणतोस? रस्सा म्हण. पिठात गेला. तोंड का वाकडं?"

"कुठं? काही नाही."

उत्सवाच्या मांडवात डोन क्रिस्पीन तिसरा तमाल खात होते. "डोन्या तोमासा, असा तमाल जन्मात खाल्ला नाही! यंदा घातलंत तरी काय?"

"हात," तोमासा म्हणाली.

तेवढ्यात कट्‌ वाजलं. डोन क्रिस्पीनांनी तोंडातून बोटाच्या पेराएवढा पिवळा दात काढला. मग फेर्मिनच्या काखेतल्या जबड्याकडे पाहिलं. तिथे एक खाच रिकामी होती. फेर्मिनने जबडा पाठीमागे नेला.

"द्या इकडे," तोमासाने हात पुढे केला. "माझा आहे तो."

तिच्या तोंडात कित्येक वर्षं एकही दात नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. डोन क्रिस्पीनांनी दाताकडे पाहिलं, तिच्या बोळक्याकडे पाहिलं, मग टोपलीतल्या चौथ्या तमालाकडे.

"जपा हो," म्हणत त्यांनी दात तिच्या हातावर ठेवला. "आणि पोरांना चढू द्या वर."

चौथ्याचं पान सोडता सोडता ते हळूच म्हणाले, "पुढच्या सणालाही एखादा दात पडू द्या."