क्रमांक चार: टिकटिक करणाऱ्या वस्तू

माझी मुलगी परगावच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि पहिल्याच पंधरवड्यात दोनदा उशिरा पोहोचली. तिसऱ्यांदा उशीर झाल्यास घरी बसावे लागेल, असं तिला लेखी कळवण्यात आलं. मोबाइलचा गजर ती झोपेतच बंद करते. तिला जाग येते ती फक्त आमच्या घरच्या किल्लीच्या घड्याळाने. त्याचा गजर थांबवायची कळ कधीच तुटली आहे, त्यामुळे तो वाजून वाजून दमेपर्यंत शेजारीसुद्धा उठून बसतात. सोमवारच्या आत ते घड्याळ तिच्या उशाशी पोहोचवायचं, एवढंच काम होतं. बुधवारी मी ते खोक्यात घातलं आणि कुरिअरच्या खिडकीशी गेलो.

कारकुनाने खोक्याला कान लावला. "टिकटिक येतेय."

"घड्याळ आहे."

"असेल हो. पण क्रमांक चार." त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. 'पाठवता न येणाऱ्या वस्तू' ही यादी छताशी सुरू होऊन टेबलामागे गडप झाली होती. "टिकटिक करणाऱ्या वस्तू. लोक घाबरतात."

मी पडलो नियमांना मान देणारा माणूस. घड्याळ घरी नेलं, किल्ली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसलो आणि ते अगदी गप्प झाल्यावर शुक्रवारी पुन्हा रांगेत उभा राहिलो.

कारकुनाने कान लावला, खोकं हलवलं, मग उघडायला लावलं. "अहो, बंद आहे की हे!"

"बंद करूनच आणलंय."

"क्रमांक एकोणीस. नादुरुस्त वस्तू आम्ही घेत नाही. उद्या तुम्हीच म्हणाल, कुरिअरवाल्यांनी मोडलं."

"अहो, किल्ली दिली की चालतं!"

"तसं घड्याळजीचं पत्र आणा."

कोपऱ्यावरचा घड्याळजी नेमका इमानदार निघाला. स्वतः पाहिल्याशिवाय लिहून देईना. त्याने पूर्ण किल्ली दिली, पाच मिनिटं निरखलं आणि शिक्क्यानिशी पत्र दिलं: 'सदर घड्याळ चालू स्थितीत आहे.' मी तसाच धावत खिडकीशी आलो.

कारकुनाने पत्र दोनदा वाचलं. "आता कसं! चालू आहे, म्हणजे एकोणीसचा प्रश्नच मिटला. चालू आहे, म्हणजे..." तो बिचारा खरंच हळहळला. "चार."

"मग पाठवू तरी कसलं घड्याळ? ना चालू, ना बंद?"

"तसं असेल तर घेऊ की. यादीत नाहीये ते."

माझं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेली तुमची यादी! उद्याच्या बसने मी स्वतः जातो!"

"त्या बाजूला चाललात?" कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खणातून एक पुडकं काढलं. "माझ्या आत्याचा चष्मा. तुमच्या खोक्यावरच्या पत्त्यात आहे ना, त्या रुग्णालयासमोरच राहते ती. काचेची वस्तू, क्रमांक अकरा. आणि खरं सांगू का, कुरिअरवर आपला भरवसा नाही."

झालं! मागची अख्खी रांग माझ्याभोवती गोळा झाली. कुणाची औषधाची बाटली, कुणाची कात्री, कुणाचं कुंडीतलं रोप. "जाताच आहात तर एवढं न्या ना!" पिशवी एक आणि माणसं चौदा, काही शिस्त हवी की नको? मी कारकुनाकडून कागद-पेन घेतलं. गळणाऱ्या वस्तू नकोत. टोचणाऱ्या नकोत. वास येणाऱ्या नकोत. काय सांगू, हात कसा झरझर चालत होता! कारकून खिडकीतून वाकून कौतुकाने बघत होता.

शेवटी एका आजीबाईंनी नातीसाठी घेतलेला किल्लीचा पोपट पुढे केला. "किल्ली दिली की शीळ घालतो."

"आवाज करणाऱ्या वस्तू नकोत, आजी. बसमध्ये लोक घाबरतात."

"हो का? मग तुमच्या काखेत टिकटिक कोण करतंय?"

अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. आता नियम म्हणजे नियम, आणि तोही माझ्याच हस्ताक्षरातला. शनिवारी मी लोकांच्या नऊ वस्तू घेऊन निघालो आणि घड्याळ घरच्या फडताळात ठेवलं.

"मग तुम्ही चाललात कशाला?" बायकोने विचारलं. हिला कारभारातलं काही कळत नाही.

मुलीने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "बाबा, घड्याळ?" मी तिला नियम नीट समजावून सांगितला. पोरीचे डोळे भरून आले. मग सोमवार ते बुधवार, रोज पहाटे पाचला मीच तिच्या उशाशी उभा राहून ओरडलो. मला तर थांबवायची कळ कधी नव्हतीच. मुलगी वेळेवर पोहोचली. तिचे शेजारीही आपापल्या कामावर वेळेवर पोहोचले.

पण माझी रजा संपली आणि मी परत आलो. शनिवारपर्यंत तिची मैत्रीण तिला हलवून उठवणार आहे. पुढच्या सोमवारी मात्र घड्याळ हवंच.

म्हणून तुम्हाला विचारतो. इतका वेळ तुम्ही त्या कारकुनाला हसलात, मला तर जरा जास्तच हसलात. त्या बाजूला तुमचं जाणं होतंच की. एवढंसं तर घड्याळ आहे, सोबत घड्याळजीचं पत्रही देतो. न्याल ना?

काय म्हणालात? पिशवीत जागा नाही? आणि गजर मध्येच वाजला तर?

बरं, बरं. कितवा क्रमांक लिहू?