तीन दरपत्रकं आणि एक जठर

उशा : चार.
पोटाला पडणारी भोकं : पाच, मोठ्यात मोठं नखाएवढं.
खुर्ची : हातांची, एक.
ढेकर : वादग्रस्त.

तुलना न करता घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, अपघात असतो. खरेदी विभागाचे हेडक्लार्क तक्तेसाहेब (खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक) या तत्त्वावर एकोणतीस वर्षं जगले. टाचण्यांचा डबासुद्धा तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय त्यांनी घेतला नाही. त्यामुळे आडवं झालं की घशाशी आंबट येऊ लागलं, गोळ्या हरल्या आणि सर्जन म्हणाले, "दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून टाकू, मंगळवारी या," तेव्हा साहेबांनी अत्यंत योग्य प्रश्न विचारला : "तुलनात्मक तक्ता?"

शेवटी तो त्यांनीच केला.

पूर्ण वेढा : जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायचा. बंदोबस्त पक्का. ढेकर बहुधा बंद. (विभागप्रमुखांचा शेरा : "गिळून ढेकर न देणारे आपल्याकडे शस्त्रक्रियेविनाच पुष्कळ आहेत.")

पाऊण वेढा : ढेकर चालू, बंदोबस्त किंचित ढिला.

चुंबकी मण्यांची कडी : अन्ननलिकेच्या तळाशी बसवायची. दिसायला सुबक. (मेहुण्यांचा आक्षेप : "विमानतळावर वाजली तर?" मेहुणे विमानात बसलेले नाहीत.)

नियमानुसार तक्ता अभिप्रायासाठी फिरला. सतरा जणांनी मत दिलं : पूर्ण वेढ्याच्या बाजूने नऊ, विरुद्ध अकरा (तिघांनी दोन्हीकडे सही केली). व्याह्यांनी तो तपासून सात महिन्यांनी परत केला, चहाच्या डागासह.

दरम्यान साहेब खुर्चीत बसून झोपत. नातीने विचारलं, "आजी, आजोबांना शिक्षा केलीये का?"

आजी साहेबांकडे वळल्या. "अहो, मला पसंत केलंत तेव्हा कुठे होती तीन दरपत्रकं?"

"मागवली होती," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "दोन आलीच नाहीत."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पलंगाची तुमची बाजू चार वर्षं गार आहे. ते कुठल्या रकान्यात लिहिलंत?"

साहेबांनी खरोखर शोधलं. रकाना नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी लगेच पट्टी घेऊन नवा रकाना आखला, आणि सुधारित तक्ता, नियमानुसार, पुन्हा पहिल्या अभिप्रायापासून फिरायला निघाला.

वाचकहो, तुम्हीही मघाशी मनातल्या मनात तिन्हींतला एक निवडलातच. अठराव्या ओळीत सही करा. तारीख घालायला विसरू नका.

शस्त्रक्रियेला दीड तास लागतो.