सोल्युशन लावलेली मतं

निवडणूक कशी जिंकायची हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी खुशाल माझ्याकडे यावं, असं मी परवापरवापर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत होतो. फी घेणार नव्हतो. चहा पाजला तरी चाललं असतं.

मी बुटांचे सोल चिकटवायचं सोल्युशन बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. आमचं सोल्युशन एकदा बसलं की बूट फाटेल, वेळ आली तर पाय फाटेल, पण जोड सुटणार नाही! आमच्या युनियनचा अध्यक्ष म्हणजे भोंगा. त्याचं खरं नाव फक्त त्याच्या बायकोला ठाऊक असावं. तो कुणाच्या कानात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतून 'काय म्हणालात?' असं उत्तर येतं. तर या भोंग्याने कंपनीची बस बंद करायला मॅनेजरला परस्पर होकार दिला होता. पुन्हा निवडून आला की सही ठोकणार. आणि सही झाली की आम्ही सगळे तंगड्या तोडत कामावर!

म्हणून आम्ही त्याच्याविरुद्ध माझ्या सख्ख्या मामाला उभं केलं. मामा मिक्सर विभागातला सगळ्यात जुना माणूस आणि पृथ्वीवरचा सगळ्यात भिडस्त. प्रचारप्रमुख अर्थातच मी.

"मामा, डब्याच्या सुट्टीत भाषण ठोक."

"अरे, लोक जेवत असतात."

"मग जेवण झाल्यावर ठोक."

"तेव्हा बिचाऱ्यांना जरा डुलकी लागते रे."

"असा उमेदवार आणि असा प्रमुख!" मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. "भोंग्याने आत्ताच पेढे सांगून ठेवावेत!"

आमच्याकडे पाळ्या तीन. त्यामुळे मतदान पोस्टाने. घरी मतपत्रिका येते, आपल्या माणसाच्या नावापुढे खूण करायची, सोबतच्या पाकिटात बंद करायची आणि पोस्टाच्या पेटीत टाकायची. पण ती पाकिटं! भोंग्याने बाजारातली सगळ्यात स्वस्त उचलून आणली होती. चाटून चाटून जीभ वाळली तरी चिकटायला तयार नाहीत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उघडं पाकीट म्हणजे भोंग्याच्या माणसांना आमंत्रणच! वाटेत मतपत्रिका काढतील, बदलतील, परत ठेवतील! मी आमच्या बाजूच्या प्रत्येकाला सोल्युशनची एकेक डबी दिली.

"कागदाला हे चालेल का?" पॅकिंगच्या ताईंनी विचारलं.

"ताई, ज्याने बैलासारखी माणसं बुटात धरून ठेवली, ते एक कागद धरणार नाही?"

सगळ्यांनी मनापासून लावलं. ताईंनी तर दोन हात दिले. आणि जोशात सगळे एकदमच पेटीवर गेले. सोल्युशन अजून ओलं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे माझ्या.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन युनियनच्या ऑफिसात आला तो घामाने निथळत. पोत्यातून त्याने एक ठोकळा काढून टेबलावर आदळला.

"ही तुमची पत्रं. पेटीचा तळ खरवडून काढलाय! पत्रं लिहिता की भिंत बांधता?"

मी ठोकळ्याकडे पाहिलं. आमची सगळी मतं एकमेकांना मिठी मारून बसली होती. कामगारांची एकजूट म्हणतात ती हीच!

मतमोजणीला निवडणूक अधिकारी म्हणून आमचे निवृत्त हिशेबनीस बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर आणि नियमांचा कागद चष्म्याच्या टोकावर.

"पाकीट उघडं आलं तर मत बाद. मतपत्रिका फाटली तर मत बाद," त्यांनी जाहीर केलं आणि ठोकळ्यात सुरी घातली. सुरी आत गेली. बाहेर आली नाही.

मग वाफ देऊन पाहिली. ठोकळा चकाकला. मग सुताराने करवत आणली. पाकिटं निघाली, पण आतल्या मतपत्रिकांच्या चिंध्या होऊन. सोल्युशन आरपार मुरलं होतं!

"बाद. बाद. हेही बाद," हिशेबनीस म्हणत होते.

"वा रे भाच्या!" भोंगा असा हसला की खिडकीची काच थरथरली. "आता माझी मोजा!"

हिशेबनिसांनी दुसरं पोतं उपडं केलं. सगळ्या पाकिटांनी एकदम आ वासला. भोंग्याच्या माणसांनी इमानदारीत जीभच वापरली होती!

"बाद," हिशेबनीस म्हणाले. "सगळी."

"माझीच पाकिटं आणि मलाच बाद?" भोंगा किंचाळला. त्या आवाजाने आणखी दोन उघडली.

"फेरमतदान!" मी टेबलावर चढून ओरडलो.

"खाली उतरा," हिशेबनीस म्हणाले. "एक शिल्लक आहे."

त्यांनी पोत्याच्या कोपऱ्यातून एक पाकीट उचललं. ते चारी बाजूंनी निळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं. बारीक, एकसारखे टाके. मागे मामा लाजून चुळबुळ करत उभा होता.

"मामा! तू सोल्युशन नाही लावलंस?"

"अरे, इतकी वर्षं ते ढवळतोय मी. एकदा चष्मा नाकाला चिकटला होता, आठवडाभर तसाच झोपत होतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मी मामाला कडकडून मिठी मारली. एक तर एक! नियमात 'वैध मतांपैकी जास्त' एवढंच लिहिलं होतं, किती हवीत ते नव्हतं. हिशेबनिसांनी टाके उसवले. बस वाचली! ताईंनी माझ्या नावाने टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

हिशेबनिसांनी कागद उलगडला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"भोंगा एका मताने विजयी."

ताईंच्या टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. भोंगासुद्धा 'मी?' असं चक्क हळू म्हणाला, जन्मात पहिल्यांदा.

"मामा," मी हळूच म्हणालो, "तू भोंग्याला मत दिलंस?"

"अरे, स्वतःच्याच नावापुढे खूण करायची म्हणजे कसं दिसतं ते?" मामा कासावीस होऊन म्हणाला. "म्हटलं, तुम्ही सगळे आहातच की मला!"

हल्ली आम्ही चालत कामाला जातो. मामा सगळ्यांच्या पुढे असतो, लोक त्याच्याशी अगदी प्रेमाने बोलतात. मी जरा मागून येतो. पुढे गेलो तर माझ्या पाठीवर कोण काय चिकटवेल, सांगता येत नाही!