यंत्राला लावलेलं वळण

“चार दिवसांत याला असं वळण लावतो, साहेब, की इंटरनेटवर सरकारला नावं ठेवायची कुणाची टाप राहणार नाही!” मोठे कारकून म्हणाले. अधीक्षकाची खुर्ची रिकामी होती, आणि त्यांची बढती या यंत्रावरच अडली होती.

यंत्र म्हणजे काय चीज होती! मिनिटाला लाख पोस्टी वाचायचं, नको त्या अडवायचं. कारकुनांना एक पान वाचायला दोन चहा लागत! ते पडद्याशीसुद्धा अहो-जाहो करू लागले.

शिकवायला नमुने हवे होते. कारकुनांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या फायली, शेऱ्यांसकट, त्याला खाऊ घातल्या.

सोमवार. अकरा वाजता बटण दाबलं.

अकरा वाजून एक. एका बाईंची पोस्ट: “गल्लीतला दिवा बंद. सरकार झोपलंय!”
शेरा: विचाराधीन.
पोस्ट अडकली.
“वा!” साहेब म्हणाले.

अकरा वाजून तीन. “आजीला नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!”
शेरा: वयाचा दाखला जोडावा.
“हं?” साहेब म्हणाले.

अकरा वाजून चार. “तू मला आवडतेस.”
शेरा: संबंधितांचा अभिप्राय मागवावा.

अकरा वाजून सहा. खुद्द मंत्र्यांचं भाषण.
शेरा: नेमकं काय म्हणायचं आहे? खुलासा करावा.

अकरा वाजून सात. साऱ्या देशाची दातखीळ बसली.

“वायर उपटा!” साहेब किंचाळले.

“यंत्र मुख्यालयात आहे, साहेब. आपल्याकडे नुसता पडदा.”

“मग हुकूम धाडा!”

कारकुनांनी टाइप केलं: काम थांबवावे.
शेरा: तीन प्रतींत सादर करावे.

तीनदा धाडलं.
शेरा: तिन्ही प्रती सारख्याच दिसतात. संशयास्पद.

कारकून आ वासून बघत राहिले. हा हात बसायला त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. लेकराचा सात मिनिटांत बसला!

“बघताय काय? बढती विसरा! आजच बदली करतो, नकाशात सापडणार नाही अशा जागी!” साहेबांनी तिथल्या तिथं आदेश धाडला. पण कार्यालयाचे कागदही त्याच यंत्रातून जायचे.

शेरा: सदर कर्मचारी आहे तिथेच आवश्यक. जागेवरून हलवू नये.

साहेब पाय आपटत निघून गेले. कारकुनांचे डोळे भरून आले. केवढी ही माया! एवढी माया आहे म्हटल्यावर त्यांनी हळूच अधीक्षकपदाच्या बढतीचा अर्जही सरकवला.

पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

शेरा: वरीलप्रमाणेच.