सरकारी माणसाच्या कानाखाली

आप्पासाहेबांनी भिकनच्या कानाखाली एकच ठेवून दिली, पण ती अशी बसली की त्याच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट उडून खडीच्या ढिगावर जाऊन पडलं. मागं तुंबलेल्या गाड्यांचे हॉर्न बंद झाले. काँक्रीटचं मशीन तेवढं घरघरत राहिलं, कारण ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

माणूस तसा वाईट नव्हे. टाकळी फाट्याचे माजी सरपंच, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, मोटारसायकलसुद्धा रोज पुसलेली. भाचीचा साखरपुडा वेरूळला, आणि मामाशिवाय सुपारी फुटायची नाही, म्हणून घाईत निघाले होते. कन्नडला जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, एक बाजू बंद. भिकननं लाल झेंडा दाखवला. आप्पासाहेब थांबले. उन्हात, धुळीत, शर्टाची इस्तरी मोडेपर्यंत थांबले. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

मग समोरून उसाचा एक ट्रॅक्टर आला, त्याच्या मागून दुसरा आला. आप्पासाहेबांनी गाडी जराशी पुढं घेतली, तोच भिकन ओरडला, "ओ दाजी! झेंडा दिसंना व्हय?"

आता दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. भिकनच्या वस्तीवर वाटेनं जाणाऱ्या कुणालाही मायेनं दाजी म्हणायची रीत. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण आप्पासाहेबांच्या बायकोला भाऊच नाही. लग्न झाल्यापासून त्यांना दाजी म्हणणारा माणूस भेटला नव्हता, आणि भेटला तो असा, भर रस्त्यात, झेंडा घेऊन.

"कुणाचा रं दाजी?" म्हणत ते उतरले, आणि हात चालला.

रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर वाकळेसाहेब धावत आले. तरुण माणूस, नोकरी नवी, त्यामुळं रागही कोरा करकरीत. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः तिथं पाटी लावून घेतली होती: कामावरील कर्मचाऱ्यास मारहाण केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. ती कुणी वाचत नाही याचं त्यांना मनापासून दुःख होतं. आज वाचायला लावायची संधी आली.

"तीनशे त्रेपन्न!" ते आप्पासाहेबांना म्हणाले. "सरकारी माणसावर हात टाकलात तुम्ही. जामीनसुद्धा मिळायचा नाही."

आप्पासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. भिकन मात्र गाल चोळायचा थांबला. सरकारी माणूस? आपण? त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून.

पोलीस ठाण्यात हवालदार सूर्यभान डबा उघडून बसले होते. त्यांनी डबा झाकला आणि सगळं ऐकून घेतलं. टेबलावर पुरावा म्हणून हेल्मेट ठेवलं होतं.

"बसा आप्पा," हवालदार म्हणाले. "हे बघा, नुसती चापट असंल तर किरकोळ मामला. समज देऊन सोडता येतं. पन सरकारी नोकराला कामावर असताना मारलं, तर मग लई अवघड. मंग माझ्या हातात काय ऱ्हात नाय." ते वाकळेसाहेबांकडं वळले. "साहेब, हा तुमचाच माणूस ना? तेवढं लिहून द्या, सही करा. गुन्हा दाखल करून टाकू."

"आत्ता देतो," साहेब म्हणाले, आणि पेन काढण्याआधी वरिष्ठांना विचारलेलं बरं म्हणून बाहेर जाऊन फोन लावला.

तेवढ्यात भिकनची बायको बानाबाई आली. मालकाला मारलं हे कळल्यावर ती हातातलं खुरपं तसंच घेऊन निघाली होती, ते दारातल्या शिपायानं काढून घेतलं.

"कुनी मारलं सरकारी मानसाला?" तिनं दारातूनच विचारलं. "सरकारात हायेत आमचे मालक. गावात कुनालाबी इचारा. हाताच्या इशाऱ्यावर एसट्या थांबत्यात!"

लग्नानंतर कधीतरी भिकननं बायकोला सांगितलं होतं की आपण सरकारात आहोत. तिनं वस्तीवर सांगितलं, वस्तीनं पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. पुढं डोक्याचे केस पिकले, तरी ते खोटं मागं घ्यायचं राहूनच गेलं. आणि आज ते भर ठाण्यात कागदावर खरं व्हायच्या बेतात होतं. एका चापटीत एवढं मिळत असेल तर दुसरा गालही पुढं करायची त्याची तयारी होती.

वाकळेसाहेब आत आले ते निराळेच होऊन. फोनवर त्यांना विचारण्यात आलं होतं, की शहाणे आहात का? भिकन सरकारी आहे असं सहीनिशी लिहून दिलं, तर उद्या तोच कागद घेऊन तो कोर्टात जाईल, मला कायम करा म्हणेल. त्याच्या मागं रस्त्यावरचे सगळे जातील.

"हवालदारसाहेब," ते खाली बघत म्हणाले, "जरा घोळ झाला. हा आमचा माणूस नाही. ठेकेदाराचा आहे."

ठेकेदाराचा मुकादम सांडू कोपऱ्यात उभा होता. तो झटक्यात पुढं आला. "आमचा बी नाय बरं का! आमच्या हजेरीवर ह्याचं नावच नाय. आला तर काम, नाय आला तर नाय. त्याचा तो येतो."

"मंग हे हेल्मेट?" हवालदारांनी विचारलं. त्यावर खात्याचं नाव ठळक अक्षरांत होतं.

"हेल्मेट आमचं आहे," वाकळेसाहेब म्हणाले. "माणूस नाही."

"अन् आतलं डोकं?" बानाबाई कडाडली. "ते कुनाचं?"

भिकनची मान अशी खाली गेली की बघवेना. चापट बसली तेव्हा तो रडला नव्हता, पण आता त्याचे ओठ थरथरायला लागले. बायकोकडं तर तो बघेचना.

हवालदारांना त्याची दया आली असेलही, पण कायदा डोक्यात बसलेला माणूस. त्यांनी कपाळ खाजवलं. "आता माझी पंचाईत अशी झाली, हा खात्याचा नाय, ठेकेदाराचा नाय. मंग कुनाचाच नसलेला मानूस हमरस्त्यात झेंडा घेऊन उभा कशाला? गाड्या अडवल्या कुनाच्या हुकमानं? ही तर सार्वजनिक रस्त्याला अडवणूक झाली. आप्पांना समज देऊन सोडतो, पन भिकनराव, कलम तर तुमच्यावरच लावावं लागंल."

घ्या! मार खाल्ला त्यानं आणि गुन्हाही त्याच्यावर. वाकळेसाहेब खिडकीतून बाहेर बघू लागले. सांडूला अचानक खोकला आला.

आप्पासाहेब सुटले होते. गप उठून वेरूळ गाठलं असतं तर सुपारीही सापडली असती. ते उठलेही. दारापर्यंत गेले, भिकनकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"ओ हवालदार," ते म्हणाले, "मी त्या झेंड्यापुढं थांबलो का नाय?"

"थांबले ना आप्पा."

"उन्हात थांबलो. धूळ खात थांबलो. ह्या आप्पासाहेबाला आजवर आमदाराच्या गाडीनं थांबवलं नाय! थांबलो, तो सरकारचा झेंडा म्हून थांबलो. आता तुमी म्हंता ह्याच्यामागं सरकार नव्हतंच. मंग मी कुनापुढं थांबलो? उद्या फाट्यावर सांगतील, आप्पासाहेब कुनाच्याबी फडक्यापुढं उभा ऱ्हातो! माझी काय इज्जत ऱ्हाईल?" त्यांनी टेबलावर हात आपटला, हेल्मेट नाचलं. "मी मारलं ते सरकारी मानसालाच मारलं. लिहा! तीनशे त्रेपन्न लावा!"

"आप्पा, पाच वर्षं आत जाल!"

"जाईन. पन ह्याला सरकारी लिहा आधी."

हवालदारांनी आपल्या नोकरीत नाही नाही ते आरोपी पाहिले होते, पण मोठं कलम मागून घेणारा नव्हता पाहिला. फिर्यादीचे साहेब नाही म्हणतात, आरोपी हो म्हणतो. त्यांनी शेवटी पेन टाकलं. "भिकनराव, आता तुम्हीच बोला. मार तुम्ही खाल्ला. तक्रार द्यायची का नाय?"

भिकन उठला. त्यानं हेल्मेट घेतलं, बाहीनं पुसलं, डोक्यावर नीट बसवलं आणि पट्टा हनुवटीखाली आवळला. मग आप्पासाहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"तक्रार नाय," तो म्हणाला. "सरकारनं माफ केलं."

आप्पासाहेबांनी खरोखरीच हात जोडले. वाकळेसाहेबांना यावर हरकत घ्यायची होती, पण हवालदारांनी अशा नजरेनं पाहिलं की ती घशातच राहिली. अडवणुकीचं पुढं कुणी नाव काढलं नाही. तिकडं झेंड्यावाचून रस्ता तुंबला होता. भिकन आपणहून सांडूच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला आणि कामावर गेला.

आप्पासाहेब मोटारसायकलला किक मारत होते, तेव्हा बानाबाई खुरपं परत घेऊन जवळ आली.

"आप्पा, खोटं बोलले तुमी," ती म्हणाली. "पर लई ब्येस बोलले."

आप्पासाहेबांचा पाय किकवरच राहिला. "म्हंजी? तुला ठाऊक हाय व्हय?"

"पाऊस लागला का चार म्हैने घरी बसवतंय, असं सरकार बघितलं का कुटं?" बानाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "पैल्या पावसाळ्यातच कळलं मला. आज दारात मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, म्हनलं तेवढ्यानं तरी सरकारी म्हून लिवतील." ती जायला निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली. "मला ठाऊक हाय, हे तेवढं त्यांना सांगू नका. घरी आल्यावर बिचारे लई ऐटीत सांगत्यात, आज किती गाड्या थांबवल्या ते."

आप्पासाहेबांनी मान डोलवली. मग गाडी काढली आणि वेरूळला निघाले.