तेलाच्या आगीला कोणतं नळकांडं

जावई आग विझवायची यंत्रं विकायचा. सासूबाईंच्या लेखी हा धंदा म्हणजे लाल नळकांडी घेऊन दारोदार हिंडणं. म्हणून रविवारी जेवणाआधी त्याने सासऱ्यांना समोर बसवून विषय काढला. लाकडाला, कागदाला पाणी चालतं, पेट्रोलला फेस लागतो, विजेच्या आगीवर पाणी मारलं तर मारणाराच आडवा होतो, असं तो तब्येतीत सांगत होता. सासरे मान हलवत डुलक्या काढत होते. सासूबाई मात्र गॅसवर तेल ठेवून दारात आल्या आणि चक्क ऐकू लागल्या. जावयाला हुरूप चढला. तो तेलाच्या आगीपाशी पोचला तेवढ्यात स्वयंपाकघरातून धूर आला.

कढई पेटली होती. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला.

"आई, पाणी नको, भडका उडेल. तुम्ही लांब व्हा, मी आलोच."

तीन जिने उतरून त्याने गाडीची डिकी उघडली. आत तीन नमुने होते, पाण्याचा, कार्बन डायऑक्साइड गॅसचा आणि पावडरचा. तेलासाठीचं खास नळकांडं नेमकं काल एका हॉटेलात दाखवायला ठेवलं होतं. पाण्याचा प्रश्नच नव्हता. गॅसच्या झोताने तेल उडालं असतं. राहिली पावडर, ती चालते, पण लांबून मारायची. हा सगळा विचार त्याने डिकीसमोर उभं राहून शांतपणे केला, कारण घाईत भलतंच नळकांडं उचलणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती.

तोवर सासूबाईंनी गॅस बंद करून कढईवर झाकण टाकलं होतं. आग केव्हाच विझली होती. जावई मात्र धापा टाकत, पिन उपसून आत शिरला तो मारा करतच. ढग विरला तेव्हा ओटा, भाजी, सासूबाई आणि काय झालं ते बघायला आलेले सासरे, सगळे एका रंगाचे झाले होते.

खिडकीतून पांढरा लोट पाहून शेजारीण धावत आली. तेल गॅसवर विसरून आपण दारात उभ्या होतो, हे काही सासूबाईंना तिच्यापुढे कबूल करायचं नव्हतं.

"जावयांनी विझवली," केस झटकत त्या म्हणाल्या. "नाहीतर आज घर गेलं असतं."

शेजारणीने लगेच तसलंच एक नळकांडं मागितलं. जावई प्रामाणिक होता. खरं तर झाकणानेच काम झालं होतं, असं तो सांगू लागला.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "मोठेपणा घ्यायचा म्हणून नाही."

जावयाने फडकं ओलं करून ओटा पुसायला घेतला. सासूबाईंनी ते त्याच्या हातून काढून घेतलं आणि कोरडं दिलं. ओल्याने पावडर चिकटून बसते, विकणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असावं, असं त्या म्हणाल्या. पण शेजारणीच्या कानी जाणार नाही इतक्या हळू.