बिननावी कोट

टेलरबाईंच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर एकदाचा कायमचा बंद पडला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या नवऱ्याला झाला. गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी गिऱ्हाइकांची मापं ठेवायचा प्रोग्राम पास्कल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता, आणि त्याचं कौतुक ऐकवून ऐकवून गल्लीत 'पास्कलराव' हे नाव कमावलं होतं. "मशीन बदला, सिस्टीम बदला, पास्कल कुठेही चालतं," असं ते म्हणत. आता ते सिद्ध करायची वेळ आली होती.

नव्या कॉम्प्युटरवर त्यांनी फुकटची सिस्टीम घातली, आणि प्रोग्राम तिला समजावून सांगायला कंपायलरही फुकटचाच आणला.

"फुकटचा प्रोग्रामर घरात होताच," बाई म्हणाल्या. "अहो, पण वाद्यवृंदाचे कोट तोंडावर आलेत. दुकानाची पहिली मोठी ऑर्डर आहे, बिघडली तर दुसरी कोण देणार? मी सगळ्यांना बोलावून परत मापं घेते."

"अगं, सगळी मापं मी सीडीवर जपून ठेवली आहेत! माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

या प्रश्नाचं खरं उत्तर संसारात कुणी देत नाही. बाई गप्प बसल्या.

कंपायलर मात्र गप्प बसेना. स्क्रीन पुसायची जुनी आज्ञा त्याला कळेना, प्रिंटर सापडेना. पास्कलरावांनी एक चूक दुरुस्त केली की तो दोन नव्या दाखवी. शेवटी तोच दमला, 'एकही चूक नाही' असं कबूल करून मोकळा झाला, आणि मापं छापून बाहेर आली.

"अहो, यात पहिल्या मापाला नावच नाही."

"नवीन वादक असेल कुणी. शिवून टाक."

"आणि शेवटी तुमचं नाव आहे, त्याला माप नाही." पास्कलराव वाद्यवृंदात धातूचा त्रिकोण वाजवत.

"माझं काय, तुला पाठ आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वादक कोट घालून बघायला आले आणि दुकानात एकच कल्ला झाला. बासरीवाल्याला कोटात शोधावं लागत होतं. ड्रमवाल्याचा हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

"बाई, स्टेजवर असं उभं राहायचं आम्ही?" तो ओरडला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हणत होते, मापं घेते!"

पास्कलराव कॉम्प्युटरकडे धावले आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत आले.

"अगं, जुना कंपायलर नावांच्या फाइलची पहिली ओळ गिळायचा. खोडच होती त्याला. म्हणून नावांच्या वर मी एक रिकामी ओळ ठेवली होती, त्याला खायला. या नव्याला ती खोड नाही. त्याने रिकामी ओळच गिऱ्हाईक मानली, आणि सगळी नावं एकेक घर खाली सरकली. मापं वेगळ्या फाइलमध्ये, ती जागेवरच राहिली."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे कोट बरोबर आहेत, माणसं चुकलीत?"

"हो."

"मग काढा सगळे! आपापला कोट यादीतल्या पुढच्याला द्या. बिननावी पहिल्याला."

कोट हातोहात फिरले. ड्रमवाल्याचा बासरीवाल्या... नव्हे, बासरीवाल्याचा ड्रमवाल्याच्या अंगावर चपखल बसला. वादक हसत बाहेर पडले, आणि पास्कलरावांच्या वाट्याला कॉम्प्युटरमधल्या मापाचा त्यांचा स्वतःचा कोट आला.

"बघ, प्रोग्राममध्ये मुळात काही चूक नव्हती," म्हणत त्यांनी तो चढवला. बटणं आणि काजं एकमेकांना लांबूनच बघत राहिली. ते माप प्रोग्राम लिहिला त्या वर्षीचं होतं.

बाईंनी आपण पाठ असलेल्या मापाने शिवलेला कोट आणला. तो खांद्यावर, पोटावर, सगळीकडे नीट बसला.

"हे माप कधी घेतलंस?"

"घ्यायला कशाला हवं? दर वर्षी मनातल्या मनात थोडं वाढवते."

पास्कलरावांना भरून आलं. "मला कधी बोलली नाहीस."

"बोलून काय कमी होणार होतात?" बाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. "हलू नका. टाचणी आहे."